धारातीर्थीं पडलेल्यांचे संसार

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा या गांवीं लखुजीराव जाधवांची समाधि आहे. घुमटाची ती भव्य इमारत पाहून परतणारा प्रवासी बहुधा दोन गोष्टी मनांत घेऊन निघतो. येथें जिजाबाईंचा जन्म झाला, ही एक. आणि त्यांच्या वडिलांचा दौलताबादेस दग्यानें वध झाला, ही दुसरी. तिसरी गोष्ट तेथें सहसा कोणी सांगत नाहीं. घरांतील कर्ते पुरुष एका दिवसांत पडल्यावर त्या वाड्यांतील चूल कशी पेटली? बायका कोणाच्या आधारानें राहिल्या, पदरचे स्वार कोणाचा पगार खाऊं लागले, पोरांच्या नांवें सनद कोणीं दिली? हे प्रश्न लढाईच्या दुसर्‍या दिवसाचे आहेत, आणि आमच्या बखरींत त्या दुसर्‍या दिवसाला फार थोडी जागा मिळाली आहे. जी मिळाली आहे तेवढीवरून मात्र राज्याराज्यांची पारख करतां येते.

जाधवराव हे निजामशाहींतील पहिल्या प्रतीचे सरदार. १६२१ च्या सुमारास ते मोगलांस मिळाले, तेव्हां त्यांच्या एकंदर घराण्यास मिळून २४,००० ची मनसब व १५,००० स्वार मोगल दरबारानें मान्य केले होते. पुढें ते निजामशाहींत परतले; आणि २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादच्या किल्ल्यांत दरबारास गेले असतां खुद्द निजामशहाच्या संमतीनें त्यांचा, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी यांचा आणि नातू यशवंतराव याचा वध झाला. यशवंतरावाचे वडील दत्ताजी हे खंडागळ्यांच्या हत्तीच्या प्रकरणांत आधींच मारले गेले होते. म्हणजे त्या शाखेंतील बाप व लेक दोघेहि गेले. शिवाजीमहाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. हें ध्यानांत घेतलें म्हणजे माहेरच्या चार मृत्यूंची वार्ता जिजाबाईंच्या कानीं पडली ती त्यांच्या पोटीं तो जीव असतांना, हें उघड आहे.

सरदार लढाईंत पडला तर त्याच्या घराण्यानें धन्याकडे पाहावें, ही त्या काळची रीत. येथें तर धनीच मारेकरी! लखुजीरावांच्या पत्नी म्हाळसाबाई आणि बंधु जगदेवराव हीं उरलेल्या फौजेनिशीं सिंदखेडास आलीं, आणि घराण्यानें पुन्हां मोगलांचा आश्रय धरला. जगदेवराव व लखुजीरावांचे पुत्र बहादुरजी यांना शहाजहान बादशहानें मनसबी दिल्या. याला कोणी औदार्य म्हणेल. पण दक्षिण जिंकावयास निघालेल्या बादशहाला सिंदखेडचे स्वार हवे होते, आणि जाधवांच्या घरच्या बायकांना छत्र हवें होतें. तो एक सौदा होता, व दोन्ही पक्षांस तो पटला इतकेंच.

हा सौदा इतक्या तांतडीनें कां करावा लागला हें कळण्यासाठीं त्या वेळच्या सरदाराचें उत्पन्न कसें असे तें पाहिलें पाहिजे. त्याचे दोन भाग असत. एक वतन, म्हणजे देशमुखी, पाटिलकी वगैरे. हें वंशपरंपरेचें असल्यामुळें धनी मेला तरी घरांत राही. दुसरा भाग जहागिरीचा किंवा मोकाशाचा. तो चाकरीबद्दल मिळे आणि चाकरी करणारा गेला कीं सरकारांत परत जाई. मोठ्या सरदाराच्या घरांत पैसा येई तो मुख्यतः या दुसर्‍या वाटेनें. मोगलाईंत तर मनसबदार मेला कीं सरकारी देण्याघेण्याचा हिशेब मिटेपर्यंत त्याच्या मालमत्तेवर सरकारची मोहोर पडे. म्हणजे काल ज्या घरीं हत्ती झुलत होते त्या घरच्या विधवेला आज स्वतःच्या पेटीचें कुलूप काढावयाचें तरी अंमलदाराचें तोंड पाहावें लागे. दिलेली जहागीर मुलाच्या नांवें पुन्हां करून देणें ही सर्वस्वी मेहेरबानी होती. मेहेरबानीचा कायदा नसतो. ती मागावी लागते, आणि मागणारी बाई पडद्यांतली असली म्हणजे मागावयास दुसर्‍याला पाठवावें लागतें. जगदेवरावासारखा दीर ज्या घरीं नसेल त्या घराची कथा काय झाली असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

या घटनेनंतर सुमारें तीस वर्षांनीं, १० नोव्हेंबर १६५९ रोजीं, सिंदखेडच्या त्या लेकीच्या पुत्रानें प्रतापगडाखालीं अफझलखानाच्या फौजेचा मोड केला. विजयानंतर काय झालें तें कृष्णाजी अनंत सभासदानें लिहून ठेविलें आहे. जे कामास आले त्यांच्या मुलांना महाराजांनीं बापाच्या जागीं चालविलें. ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस नवर्‍याचें निमें वेतन बांधून दिलें. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत बक्षीस मिळालें. मावळ्याचा महिना त्या काळीं एक ते तीन होन असे, असें ग्रँट डफ सांगतो. तेव्हां लहानांत लहान जखमेचे पंचवीस होन म्हणजे चांगल्या पगारदार मावळ्याचाहि आठ महिन्यांहून अधिक पगार झाला.

सभासदानें ही बखर १६९४ च्या सुमारास जिंजीस, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. मधें पस्तीस वर्षें गेलीं होतीं आणि स्मरणांत थोडेंबहुत पुढेंमागें होणें स्वाभाविक आहे. तरीपण या हकीकतींतील बारकावा लक्षांत घेण्यासारखा आहे. 'पुष्कळ दानधर्म केला' असें मोघम लिहून सभासद मोकळा झालेला नाहीं. पुत्र असला तर काय, नसला तर काय, जखम हलकी तर किती, भारी तर किती, असे त्यानें भेद सांगितले आहेत. असे भेद मेहेरबानींत करावे लागत नाहींत. नियमांतच करावे लागतात. आणि असा नियम करणें महाराजांना शक्य झालें याचें कारणहि त्यांच्या राज्यव्यवस्थेंतच आहे. फौजेला होतां होईतों जमिनी न देतां रोख वेतन द्यावयाचें हें त्यांचें धोरण. ज्याचें वेतन आंकड्यांत ठरलें आहे त्याच्याच विधवेला त्याचें 'निमें' देतां येतें. गांव नेमून दिला असता तर निमा गांव बाईनें वसूल कसा करावा?

जिजाबाईंनीं पुत्राला रामायण-महाभारतांतील कथा सांगितल्या हें मुलांच्या पुस्तकांत असतें. दौलताबादची कथाहि त्यांनीं सांगितली असेल, असें अनुमान कोणीं केलें तर त्याला दोष देतां येणार नाहीं. अर्थात् त्याला लेखी आधार मागूं नये.

याच संदर्भांत प्रतापराव गुजरांच्या घराची गोष्ट येते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीच्या खिंडींत मूठभर स्वारांनिशीं सरनौबत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व मारले गेले. महाराजांनीं त्यांची कन्या जानकीबाई हिला आपली सून करून घेतलें. राजारामांशीं तिचा विवाह झाला तो मार्च १६८० मध्यें, म्हणजे महाराजांच्या निधनापूर्वीं थोडे दिवस. मधें सहा वर्षें लोटलीं होतीं. शब्द देऊन विसरणें राजांना फार सोपें असतें. येथें तो विसरला गेला नाहीं.

शत्रूच्या कुटुंबाचें काय, हा प्रश्न याच बुलढाणा जिल्ह्यांत एकदां फार ठळकपणें उभा राहिला. सिंदखेडापासून जवळच साखरखेर्डा हें गांव आहे. १७२४ च्या ऑक्टोबरांत तेथें निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई होऊन मुबारिझखान आपल्या दोन पुत्रांसह ठार झाला. दक्षिणेंतील निजामी राज्याचा खरा पाया त्या रणांत घातला गेला, आणि विजयाची खूण म्हणून निजामानें त्या गांवाला फत्तेखेर्डा हें नांव दिलें. परंतु मृत सुभेदाराचा एक पुत्र ख्वाजा अहमदखान हा गोवळकोंड्याच्या किल्ल्यांत दारें लावून बसला होता. किल्ला तोफांनीं घ्यावयाचा तर महिने जाणार. निजामानें त्याला मनसब, जहागीर व किताब देऊं केला, आणि सुमारें वर्षभरानें किल्ल्याच्या किल्ल्या हातीं आल्या. ज्याच्या हातीं गोवळकोंडा असतो त्या पोरक्या मुलाचा सांभाळ करणारे पुष्कळ भेटतात. साखरखेर्ड्याच्या रानांत पडलेल्या साध्या जमादारांच्या मुलांच्या हातीं कोणताहि किल्ला नव्हता.

पेशवाईच्या दप्तरांत या विषयाला एक स्वतंत्र शब्दच आहे, 'बालपरवेशी'. फारसी 'परवरिश' म्हणजे पालनपोषण, त्याचा हा मराठी पेहराव. स्वारींत पडलेल्या माणसाच्या मुलांच्या, आणि कित्येकदां त्याच्या आईच्या व बायकोच्या पोषणासाठीं जी नेमणूक होई ती बालपरवेशी. कोणाला रोख, कोणाला धान्य, कोणाला जमीन. मोठ्या सरदाराचें सरंजामी पथक असेल तर सरंजाम मुलाच्या नांवें होई, आणि तो वयांत येईपर्यंत एखादा आप्त किंवा कारभारी पथक घेऊन चाकरीस जाई. यांत सरकारचाहि स्वार्थ होता. पथक मोडलें तर नव्यानें उभें करावयास वर्षें लागतात. मात्र सरंजाम नांवावर करतांना नव्या धन्याकडून नजराणा घेण्याची रीत होती, आणि ती दुःखाच्या घरालाहि सहसा चुकत नसे. एका हातानें द्यावें आणि दुसर्‍या हातानें त्यांतलें थोडें परत घ्यावें, हा सरकारी खजिन्याचा स्वभाव पेशवाईंतच उत्पन्न झाला असें नाहीं व पेशवाईबरोबर संपला असेंहि नाहीं.

पानिपतानें या पद्धतीची कसोटी पाहिली. १४ जानेवारी १७६१ च्या त्या एका दिवशीं महाराष्ट्रांतील किती घरांत दिवा लावणारें माणूस उरलें नाहीं! सरकार स्वतःच कर्जांत बुडालेलें. नानासाहेब पेशवे त्याच वर्षीं निवर्तलेले. गादीवर आलेले माधवराव सोळा वर्षांचे. अशा स्थितींतहि पडलेल्यांच्या घराण्यांतून नवी पिढी उभी राहिली. पुण्यांत पुस्तकांच्या खरेदीसाठीं अप्पा बळवंत चौकांत जाणार्‍या विद्यार्थ्यांस हा अप्पा बळवंत कोण हें पुष्कळदां ठाऊक नसतें. त्याचे वडील बळवंतराव मेहेंदळे हे सदाशिवरावभाऊंचे उजवे हात. ७ डिसेंबर १७६० रोजीं, मुख्य युद्धाच्या महिनाभर आधीं, पानिपतावरच एका चकमकींत गोळी लागून पडले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेथेंच सती गेल्या. मागें उरला तो पोरवयाचा मुलगा. हाच पुढें पेशव्यांचा नामांकित सरदार झाला व १७९८ पर्यंत दरबारांत वावरला.

सतीचा उल्लेख आला कीं बखरकारांची लेखणी भरून येते. तिचा निरोप, तिचीं वाणें, तिचें चितेवर चढणें, सगळें साग्र असतें. एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. जी विधवा सती गेली तिची नेमणूक सरकारला करावी लागत नसे. जी मागें राहिली, जिनें केशवपन करून दिराच्या घरीं दळणकांडण केलें आणि पोराला मोठें केलें, तिची हकीकत मात्र दप्तराच्या एखाद्या यादींत सालीना इतके रुपये एवढ्यावरच संपते. शौर्य कोणाचें अधिक, हें वाचकानें ठरवावें.

नेमणूक ही केवळ धन्याच्या मर्जीवर राहिली म्हणजे काय होतें याचें मराठेशाहींतील सर्वांत कटु उदाहरण शिंद्यांच्या घरांतलें. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस वारले. त्यांस पुत्र नव्हता. चुलत घराण्यांतील दौलतराव हा गादीवर आला. महादजींच्या मागें तीन बायका होत्या, लक्ष्मीबाई, यमुनाबाई आणि भागीरथीबाई. त्यांची इतमामास साजेशी व्यवस्था लावून देण्याचें दौलतरावानें कबूल केलें होतें. तें त्यानें पाळलें नाहीं. उलट धाकटीशीं त्याचें वर्तन अनुचित आहे असा आरोप वडील दोघींनीं उघडपणें केला, तेव्हां त्याचा सासरा सर्जेराव घाटगे यानें त्यांना पकडून फटके मारविले. ज्या पुरुषानें दिल्लीच्या बादशहाला आपल्या हातानें तख्तावर बसविलें त्याच्या बायकांची ही दशा, आणि तीहि त्याच्याच छावणींत! महादजींच्या जुन्या सरदारांना हें सहन झालें नाहीं. १७९८ पासून बायांच्या नांवें जें बंड पेटलें त्यानें दक्षिणेंतील किती गांवें उजाड केलीं, याची दाद लागणें कठीण. इतिहासांत त्याला 'शिंद्यांच्या बायांचें बंड' म्हणतात. त्या बायांनीं प्रथम मागितलें होतें तें राज्य नव्हे, पोटगी होती. वेळेवर दिली असती तर ती शिंद्यांच्या खजिन्याला जडहि गेली नसती.

इंग्रज कंपनीच्या राज्यांत या कामासाठीं निधि व फंड निघाले, आणि वर्गणी, व्याज, ट्रस्ट हे शब्द त्यांच्याबरोबर आले. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध लॉर्ड क्लाइव्हचा फंड. बंगालचा नबाब मीर जाफर यानें मरतांना क्लाइव्हला पांच लक्ष रुपये ठेविले होते; त्यांतून १७७० मध्यें कंपनीच्या फौजेंतील अपंग झालेल्या अधिकार्‍यांच्या व शिपायांच्या आणि त्यांच्या विधवांच्या साहाय्यासाठीं हा फंड कायम झाला. पैसा बंगालचा, दातृत्व क्लाइव्हचें. पुढें १८५८ नंतर कंपनीची फौज राणीच्या सरकारकडे गेली, तेव्हां क्लाइव्हच्या वारसांनीं दावा लावला कीं, कंपनीची फौज राहिली नाहीं, तेव्हां मुद्दल आमचें आम्हांला परत द्या. १८६३ सालीं विलायतेंतील उमरावांच्या सभेनें निकाल वारसांच्या बाजूनें दिला. कायद्याच्या दृष्टीनें तो निकाल बिनचूक असेल. परंतु दानावर उभा केलेला आधार किती पक्का असतो तें त्यावरून दिसलें.

याच शतकांत वर्‍हाडच्या, म्हणजे पुढें बुलढाणा जिल्ह्यांत आलेल्या मुलखाच्याहि, वसुलावर एका मृत सरदाराच्या कुटुंबाचा भार पडला, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असेल. २१ मे १८५३ च्या तहानें निजामानें वर्‍हाड इंग्रजांच्या ताब्यांत दिलें तें हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेच्या खर्चासाठीं, हें सर्वश्रुत आहे. त्याच कलमांत या उत्पन्नांतून आणखीहि कांहीं रकमा भागवावयाच्या आहेत. अप्पा देसायांची चौथाई, कांहीं मराठे पेन्शनरांचीं पेन्शनें, कर्जाचें व्याज, आणि महिपतराम याच्या कुटुंबाच्या नेमणुका. राजा महिपतराम हा निजामाचा सरदार. १८०३ च्या युद्धांत निजामाच्या फौजेवर त्याची नेमणूक होती. पुढें इंग्रजांचा त्याच्यावर रोष झाला, त्याला हैदराबाद सोडावें लागलें, आणि होळकरांच्या आश्रयास असतां त्याचा अंत झाला. ज्या इंग्रजांच्या विरोधामुळें तो देशोधडीस लागला त्यांनींच पुढें त्याच्या कुटुंबाच्या नेमणुकीची हमी घेतली, आणि ती भागली वर्‍हाडांतल्या कापसाच्या व जोंधळ्याच्या शेतसार्‍यांतून! मेहकर-चिखलीच्या कुणब्याला आपण कोणाच्या विधवेला पोसतों आहों याची वार्ताहि नसेल. परंतु तहांत नांव लिहिलें गेल्यामुळें त्या कुटुंबाला दरबाराच्या मर्जीवर राहावें लागलें नाहीं, हा भेद लहान नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळला जातो. शाळेंतील मुलें छातीला छोटा कागदी ध्वज लावून डब्यांत नाणें टाकतात. तो पैसा युद्धांत पडलेल्यांच्या कुटुंबांच्या, अपंग सैनिकांच्या व माजी सैनिकांच्या कल्याणासाठीं जातो. जिल्ह्याजिल्ह्यांत यासाठीं सैनिक कल्याण कार्यालयें आहेत. पण कुटुंबाचा मुख्य आधार आतां ध्वजनिधि नसून निवृत्तिवेतन हा आहे. चाकरींत असतां सैनिक मरण पावला तर त्याच्या कुटुंबाला प्रथम कांहीं वर्षें शेवटच्या पगाराच्या निम्म्याइतकें वेतन मिळतें. प्रतापगडाखालच्या 'निम्या वेतनाची' आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. लढाईंत पडलेल्याच्या कुटुंबास तर आतां शेवटच्या वेतनाइतकेंच निवृत्तिवेतन आहे.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजीं काश्मिरांत पुलवामा येथें केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांतील दोघे बुलढाणा जिल्ह्याचे होते. एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यांतील. त्या आठवड्यांत देशभरांतून मदतीचा ओघ लागला. हा ओघ नेहमीं मोठ्या बातमीच्या मागें धांवतो. एकटादुकटा शिपाई कोठें जंगलांत सुरुंगावर पडला तर त्याच्या घरीं सरपंच आणि तलाठी यांपलीकडे फारसें कोणी येत नाहीं. अशा दलांतील मृतांच्या कुटुंबांसाठीं केंद्र सरकारनें २०१७ मध्यें 'भारत के वीर' हा निधि काढला, त्यांत या विषमतेची दखल घेतलेली आहे. एका कुटुंबाच्या नांवें लोकांनीं थेट द्यावयाच्या रकमेस १५ लक्ष रुपयांची मर्यादा घातली, म्हणजे पुढील दाता दुसर्‍या कुटुंबाकडे वळावा.

शौर्यपदकाच्या भत्त्याला मात्र दीर्घ काळ एक विचित्र अट चिकटून राहिली होती. पदक मिळविणारा वारल्यावर भत्ता त्याच्या विधवेस मिळे, पण तिनें पुनर्विवाह केला कीं तो बंद होई. अपवाद एकच. तिनें मृत पतीच्या भावाशींच लग्न केलें तर भत्ता चालूं. बाईचा हक्क सासरच्या उंबरठ्याशीं बांधून ठेवणारी ती अट संरक्षण मंत्रालयानें नोव्हेंबर २०१७ मध्यें काढून टाकली. तेव्हांपासून विधवा कोणाशींहि विवाह करो, भत्ता तिच्या हयातीपर्यंत तिच्याच नांवें चालतो.